कोचीच्या धक्क्यावर साडेपाच तास

क्रूझच्या पत्रकात ‘कोची, सकाळी ८ ते सायंकाळी ६’ असं छापलेलं असतं आणि वाचणारा मनातल्या मनात दहा तास मोजतो. हे दहा तास जहाजाचे. प्रवाशाच्या वाट्याला त्यातले साडेपाच येतात, आणि ते कुठे गळतात हे आधी कळलं तर दिवस हातचा जात नाही.

आठला जहाज लागतं म्हणजे दोर बांधले जातात. मग शिडी लागते, बंदराचे अधिकारी वर येतात, कागद तपासतात, आणि मग उतरायची घोषणा होते. यात पाऊण तास सहज जातो. पहिल्यांदा सोडतात ते जहाजाच्या स्वतःच्या सहलीचे पैसे भरलेल्यांना. थिएटरमध्ये जमायचं, छातीवर क्रमांकाचा स्टिकर लावायचा, क्रमांक पुकारला की निघायचं. स्वतंत्रपणे फिरणारे नंतर. धक्क्याच्या फाटकाबाहेर पाय पडायला पावणेदहा धरा. परतीला सहाची सुटण्याची वेळ आपल्या कामाची नाही. ‘सगळे जहाजावर’ची वेळ साधारण एक तास आधीची, म्हणजे पाचची. त्याआधी पिशव्या तपासण्याची रांग आहे, म्हणून सव्वाचारला फाटकावर. पावणेदहा ते सव्वाचार साडेसहा तास. त्यातून जाण्यायेण्याचा एक तास वजा.

पण दिवस त्याच्याही आधी, साडेसहाला सुरू करावा. उघड्या डेकवर जाऊन उजव्या बाजूला उभं राहायचं. सगळे पुढच्या टोकाला गर्दी करतात, तिथून विशेष काही दिसत नाही. आधी पायलटची, म्हणजे जहाजाला बंदरात वाट दाखवणाऱ्याची, छोटी बोट येते. जहाज चालत असतानाच बाजूला दोरशिडी सोडतात आणि पायलट तीवरून वर चढतो. मग जहाज खोदलेल्या मार्गात शिरतं. मार्गाच्या कडा दाखवणारे तरंगते बोये डावीकडे लाल, उजवीकडे हिरवे. भारतातल्या कुठल्याही बंदरात आत शिरताना हाच क्रम. थोड्या वेळाने उजव्या हाताला फोर्ट कोचीचा किनारा आणि त्यावर रांगेने मासे धरायची चिनी जाळी, डाव्या हाताला वायपीन बेट, पुढे डावीकडेच वल्लारपदमच्या कंटेनर टर्मिनलच्या क्रेन. मग जहाज विलिंग्डन बेटाच्या टोकाला वळसा घालून एर्नाकुलमच्या बाजूच्या खाडीत शिरतं. बाराव्या मजल्याच्या उंचीवरून जाळ्यांची अख्खी रांग एका नजरेत येते. किनाऱ्यावरून ती कधीच अशी दिसत नाही.

ज्या बेटाला जहाज लागतं ते मुळात माणसाने केलेलं आहे. १३४१ साली पेरियारला महापूर आला, गाळाने कोडुंगल्लूरकडचं जुनं बंदर, म्हणजे मुझिरिस, मोडीत निघालं आणि कोचीचं मुख उघडलं, असं मानतात. मात्र मुखाशी वाळूचा आडवा दांडा होता. मोठी जहाजं बाहेर समुद्रात नांगर टाकत आणि माल होड्यांनी आत येई. १९२० साली आलेल्या रॉबर्ट ब्रिस्टो या इंग्रज इंजिनिअरने तो दांडा कापला, आतलं पात्र खोल केलं आणि निघालेल्या गाळाचीच भर घालून विलिंग्डन बेट उभं केलं. २६ मे १९२८ ला ‘पद्मा’ ही आगबोट आत आली. आपल्याकडे मुंबईच्या सात बेटांमधल्या खाड्या बुजवून शहर केलं, इथे खाडीचा गाळ उपसून बेट केलं. क्रूझ टर्मिनल ‘सागरिका’ याच बेटावर आहे. त्याचं उद्घाटन २०२१ च्या फेब्रुवारीत झालं. नौदलाचा दक्षिण विभागही शेजारीच असल्यामुळे ड्रोन खोलीतच ठेवा आणि नौदलाच्या जहाजांचे फोटो काढू नका.

उतरताना तीन गोष्टी अंगावर हव्यात: जहाजाचं कार्ड, मूळ ओळखपत्र आणि त्या दिवसाच्या पत्रकावरचा बंदर-एजंटचा, म्हणजे जहाज कंपनीच्या तिथल्या प्रतिनिधीचा, फोन नंबर. आधारचा मोबाइलमधला फोटो कधी चालतो, कधी फाटकावरचा जवान मूळ प्रत मागतो. वाद घालण्यात आपलेच तास जातात. कार्ड शिडीपाशी यंत्राला लावलं की पडद्यावर आपला फोटो येतो आणि जहाजाच्या हिशेबात आपण ‘बाहेर’ होतो. निघायच्या आधी कोण राहिलं हे जहाज याच यादीवरून पाहतं, म्हणून नवराबायकोची कार्डं उतरताना अदलाबदल झाली तर संध्याकाळी नसता घोळ होतो. मुलांचं कार्ड मुलांच्या गळ्यात नको, आईच्या पर्समध्ये हवं. कपडे गुडघे आणि खांदे झाकणारे, पायात चटकन निघणारी चप्पल, खिशात पन्नास-शंभरच्या नोटा. आणि छत्री. जानेवारीतसुद्धा कोचीत अकरानंतरचं ऊन आणि दमटपणा वेंगुर्ल्याच्या मे महिन्याची आठवण करून देतो.

फाटकाबाहेर रिक्षा आणि टॅक्सीवाले उभेच असतात. ॲपवरची गाडी मागवली तर ती आत धक्क्यापर्यंत येईल अशी आशा ठेवू नका. फाटकाबाहेरचं ठिकाण टाका. फोर्ट कोची रस्त्याने सात-आठ किलोमीटर आहे. रिक्षा दिवसभरासाठी फार स्वस्तात मिळत असेल तर समजावं की उरलेले पैसे कुणीतरी दुसरा देणार आहे. तो दुसरा म्हणजे हस्तकला आणि मसाल्यांची मोठी दुकानं. गिऱ्हाईक आत नेऊन दहा मिनिटं थांबवलं की चालकाला कमिशन किंवा पेट्रोलचं कूपन मिळतं, आपण काही घेतलं नाही तरीही. अशी तीन दुकानं म्हणजे एक तास गेला. म्हणून भाव ठरवतानाच सांगायचं: ठिकाणं अमुक, वेटिंग धरून पैसे इतके, दुकान एकही नाही. हिंदी बहुतेकांना समजतं. दोनशे रुपये जास्त गेले तरी हा सौदा स्वस्तच.

पाण्याचा रस्ताही आहे. कोचीची वॉटर मेट्रो २०२३ च्या एप्रिलमध्ये सुरू झाली. बोटी विजेवर चालतात, वातानुकूलित आहेत, शंभर माणसं नेतात आणि कोचीन शिपयार्डमध्येच बांधल्या आहेत. एर्नाकुलममधल्या हायकोर्टाच्या धक्क्यापासून फोर्ट कोची हा मार्ग २०२४ मध्ये सुरू झाला तेव्हा तिकीट ४० रुपये होतं, वेळ वीस मिनिटांच्या आसपास. राज्य सरकारच्या जुन्या प्रवासी बोटी याहून कितीतरी स्वस्त, दहा रुपयांच्या आत. सकाळी रिक्षाने जाऊन दुपारी बोटीने परतायचा मोह होतो. पण क्रूझचे प्रवासी आणि सुट्टीची गर्दी एकत्र आली की वॉटर मेट्रोची एक-दोन बोट सोडावी लागते. घड्याळाशी बांधलेल्या माणसाने बोट जाताना घ्यावी आणि परतीला रस्ता धरावा.

आता खरा मुद्दा, क्रमाचा. जवळजवळ सगळे आधी फोर्ट कोचीला जातात, जाळी पाहतात, चर्च पाहतात आणि दुपारी मट्टांचेरीला, जवळच्याच जुन्या वस्तीत, पोचतात. तिथे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, दुपारच्या सुट्टीसाठी बंद झालेलं असतं आणि तीनपर्यंत उघडत नाही. तीन म्हणजे आपली परतायची वेळ. क्रम उलटा करा: दहाला मट्टांचेरी, जेवण, मग फोर्ट कोची. जाळी पहाटे डेकवरून पाहून झालीच आहेत. दुपारी समुद्रकाठी वारा असतो, मट्टांचेरीच्या गल्ल्यांत नसतो. सहलीच्या बसही बहुधा आधी फोर्ट कोचीलाच जातात, म्हणून सकाळी इकडे गर्दी कमी.

आणि वार बघा. डच पॅलेस शुक्रवारी बंद. सिनेगॉग शुक्रवारी दुपारनंतर, शनिवारी आणि ज्यू सणांना बंद. जहाज शनिवारी लागणार असेल तर मट्टांचेरीत निम्मंच हाती लागेल, हे तिकीट काढतानाच पाहायचं असतं. कोकणातल्या माणसाला याचं नवल वाटू नये. अलिबाग, रेवदंड्याकडच्या बेने इस्रायली ज्यूंना लोक शनवार तेली म्हणत, कारण ते शनिवारी घाणा बंद ठेवत. मराठी बोलणाऱ्या त्या समाजाला हिब्रू प्रार्थना आणि विधी शिकवायला पुढे शिक्षक आले, त्यांतले बरेच याच कोचीचे.

डच पॅलेस नावाचा डच, बांधलेला पोर्तुगिजांनी. १५५५ च्या सुमारास त्यांनी तो कोचीच्या राजाला, वीर केरळ वर्म्याला, भेट दिला. डचांनी १६६३ नंतर डागडुजी केली आणि नाव त्यांचं चिकटलं. बाहेरून साधी दुमजली इमारत आहे, आपल्याकडच्या मोठ्या वाड्यासारखी, आणि कित्येक जण ‘एवढंच?’ म्हणून दहा मिनिटांत निघतात. राजाच्या शयनगृहाच्या भिंती पाहिल्याशिवाय निघू नका. पुत्रकामेष्टीपासून अयोध्येला परतण्यापर्यंत अख्खं रामायण त्यांवर रंगवलेलं आहे. रंग पिवळा, काव, हिरवा, काळा. आकृत्या एकमेकींत इतक्या दाट बसवल्या आहेत की बोटभर जागा रिकामी नाही. चित्र डावीकडून उजवीकडे सरळ वाचत गेलात तर गोंधळाल. आधी राम शोधा, म्हणजे प्रसंग सुटे होतात. इथे चाळीस मिनिटं द्या.

तिथून चालत पाच मिनिटांवर ज्यू टाउनच्या टोकाला परदेशी सिनेगॉग, १५६८ सालचं. चप्पल बाहेर, मोठी पिशवी बाहेर, तिकीट किरकोळ. पायाखाली निळ्या-पांढऱ्या चिनी फरशा, प्रत्येकीवरचं चित्र हाताने काढलेलं. वर काचेची झुंबरं. मनोऱ्याचं घड्याळ १७६० चं. त्याच्या एका तबकडीवर हिब्रू अंक, दुसरीवर रोमन, राजवाड्याच्या बाजूला मल्याळम. कोचीचे बहुतेक ज्यू गेल्या शतकाच्या मध्यावर इस्रायलला गेले. आज गल्लीत त्यांच्या नावाच्या पाट्या आहेत, आत काश्मिरी शाली विकतात.

मट्टांचेरीचा आणखी एक धागा थेट गोव्याला जातो. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या जाचाने गोव्यातून निघालेले गौड सारस्वत इथे येऊन वसले. चेर्लाई भागात त्यांची घरं आणि तिरुमल देवस्थान आहे. वाण्याच्या दुकानात कान दिलात तर मल्याळममधून मधूनच कोंकणी ऐकू येते. मलबारचे डच गव्हर्नर व्हॅन ऱ्हीड यांनी मलबारच्या वनस्पतींवर ‘होर्तुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ केला, १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला. त्यांना माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट असे तीन कोंकणी वैद्य होते. त्यांचं १६७५ चं प्रमाणपत्र नागरी अक्षरांत त्या ग्रंथात छापलेलं आहे. देवनागरी वाचणाऱ्याने निदान त्यासाठी चेर्लाईतून एक चक्कर मारावी. देऊळ मात्र दुपारी बंद होतं.

मसाला. ज्यू टाउनमधली सजवलेली दुकानं पाहायला छान आहेत. घ्यायचं ते बाजार रोडच्या घाऊक गल्लीत, जिथे सुंठीची पोती रचलेली असतात. मिरीत भाव आकाराचा आणि वजनाचा. ‘तेल्लिचेरी’ ही प्रत म्हणजे सव्वाचार मिलिमीटरहून मोठा दाणा, त्याखाली साधी मलबार मिरी. स्वयंपाकाला मलबारच पुरे. तिखटपणात ती मागे नाही, मोठ्या दाण्याचे पैसे वासाचे आणि रूपाचे. मूठभर मिरी उचलून वजन पाहा. निर्यातीच्या मलबार मिरीचं लिटरभर माप साडेपाचशे ग्रॅमला उतरावं लागतं. पोकळ दाणे हलके भरतात आणि पाण्यात तरंगतात, पपईचं बी मिसळलेलं असलं तर तेही तरंगतं. वेलदोड्याचा हिरवा रंग फारच एकसारखा दिसला तर ओलं बोट घासून पाहा, रंग बोटाला आला की पुढचं दुकान. दालचिनी म्हणून जाड, एकपदरी, कडक साल मिळाली तर ती कॅसिया. खरी दालचिनी पातळ सालींची, सिगारसारखी एकात एक गुंडाळलेली, आणि बोटांनी चुरते. काळी, धुरावलेली, वाळवलेली फोड दिसेल ती कुडमपुळी. आपल्या आमसुलाची ही चुलत बहीण, एकाच कुळातली. माशाच्या आमटीला दोन फोडी पुरतात, जास्त घातल्या तर धुराचा वास माशाच्या डोक्यावर बसतो.

जेवायला साडेबारा. उशीर केलात तर बिर्याणीच्या जुन्या खानावळींत पातेलं खरवडलेलं मिळतं. मासे खाणाऱ्यांनी करिमीन घ्यावा: गोव्याकडचा काळुंदर, मसाला लावून केळीच्या पानात भाजलेला. काटे भरपूर, घाईत खायचा मासा नव्हे. शाकाहाऱ्यांना केळीच्या पानावरचं ‘मील्स’. भात मट्टा तांदळाचा, म्हणजे लालसर उकडा, कोकणात वाढलेल्यांना ओळखीचा आणि पुणेकरांना जरा जाड वाटणारा. खोबरेल तेलाची सवय नसेल तर पहिल्याच दिवशी तळलेलं कमी खा; संध्याकाळी जहाज हलायला लागल्यावर पोट जाब विचारतं.

मट्टांचेरीहून फोर्ट कोची दोन-तीन किलोमीटर. नाव ऐकून किल्ला शोधू नका. पोर्तुगिजांच्या इमॅन्युएल किल्ल्याच्या भिंती १८०६ पर्यंत जवळजवळ पडल्याच होत्या; नाव उरलं, जसं मुंबईत फोर्ट उरलं. सेंट फ्रान्सिस चर्च छोटं आहे. वास्को द गामा १५२४ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी कोचीत वारला, त्याला इथे पुरलं, आणि चौदा वर्षांनी त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. आत त्याच्या थडग्याचा दगड आहे, वर दोरीने ओढायचे कापडी पंखे आहेत. वीस मिनिटं खूप झाली. रविवारी सकाळी प्रार्थना असते, हेही दुपारी यायला एक कारण.

जाळ्यांपाशी मात्र बसा. हे यंत्र आहे, आणि ते कसं चालतं हे कळायला तीन-चार खेपा पाहाव्या लागतात. लाकडी चौकट टेकूवर तोललेली. एका टोकाला पाण्यात उतरणारं जाळं, दुसऱ्या टोकाला दोरांनी बांधलेले दगड. दोर कमीजास्त लांबीचे असतात. जाळं वर यायला लागलं की दगड खाली येतात आणि एकामागून एक फळ्यांवर टेकतात, तसं मागचं वजन कमी होत जातं आणि तोल कुठेच ढळत नाही. म्हणून एक माणूस मुख्य वाशावरून पुढे चालत गेला तरी जाळं बुडतं. ते पाण्यात काही मिनिटंच राहतं, मग चार-सहा जण मिळून ओढतात. सागाच्या वाशांच्या जागी आता बऱ्याच ठिकाणी लोखंडी नळ्या दिसतात. ही जाळी चिनी दर्यावर्द्यांनी आणली की मकाऊहून पोर्तुगिजांनी, यावर दोन पक्ष आहेत. पावसाळ्यानंतर खाडीतून जलपर्णी वाहत आली की जाळ्यांत मासे कमी आणि पानंच जास्त येतात. दोर ओढायला बोलावतात ते फुकट नसतं. ओढायचे असतील तर आधी रक्कम ठरवा. बाजूच्या टोपल्यांतले मासे निवडून शेजारच्या टपरीत शिजवून घेता येतात. भाव किलोचा आहे की नगाचा, आणि शिजवणावळ वेगळी आहे का, हे मासा सुरीखाली जाण्याआधी विचारायचं.

कथकलीचे पाटीवरचे खेळ आपल्या कामाचे नाहीत. रंगरंगोटी पाचला, खेळ सहाला.

साडेतीनला निघा. परतीचा रस्ता तोप्पुंपडीच्या पुलांवरून जातो, आणि चारनंतर शाळा-कचेऱ्या सुटल्या की तिथे गाड्या तुंबतात. उशीर होतोय असं दिसलं तर रिक्षातूनच एजंटला फोन करा. सहलीच्या बसला उशीर झाला तर जहाज सहसा थांबतं, स्वतंत्र फिरणाऱ्यासाठी नाही; मग पुढच्या बंदराचा किंवा मुंबईचा प्रवास आपल्या खर्चाने. मूळ ओळखपत्र खिशात हवं, याचं दुसरं कारण हेच.

धक्क्यावर पिशवी यंत्रातून जाते. बंद पाकिटातला मसाला, केळ्याचे वेफर्स चालतात. ताजे मासे, सुटी फळं, घरगुती लोणच्याचं तेल गळणारं भांडं काढून घेतात. दारूची बाटली पावती देऊन ठेवून घेतात, शेवटच्या दिवशी परत मिळते. कुडमपुळी दोन पिशव्यांत बांधा, नाहीतर केबिनमधल्या सगळ्या कपड्यांना तिचा वास लागतो.

सहाला दोर सुटतात. या वेळी डेकवर डाव्या बाजूला उभं राहायचं, कारण जहाज वळून पश्चिमेला तोंड करतं आणि फोर्ट कोची आता डावीकडे येतं. थंडीच्या दिवसांत मुखाशी पोचेपर्यंत सूर्य बहुधा समोर पाण्याआड गेलेला असतो. घरी फोन, फोटो जे काय पाठवायचं ते याच वेळात उरका. पायलट दोरशिडीवरून आपल्या बोटीत उतरला की थोड्याच वेळात मोबाइलची रेंज जाते.